रोज एक सफरचंद, की एकच सफरचंद रोज?

'मी रोज एक सफरचंद खातो' हे वाक्य ऐकताना सफरचंद रोज नवे असणार, हे आपण गृहीत धरतो. 'मी रोज एका बागेत फिरायला जातो' असे म्हटले, की बाग मात्र तीच असावी, असे वाटते. 'रोज' आणि 'एक' यांची मांडणी दोन्हीकडे सारखीच, अर्थ परस्परविरुद्ध. हा निवाडा व्याकरण करीत नाही, आपला व्यवहार करतो.

'लोजबान' या कृत्रिम भाषेने ही मोकळीक नाकारली आहे. जेम्स कुक ब्राऊन यांनी १९५५ मध्ये 'लॉगलॅन' ही तर्काधिष्ठित भाषा रचायला घेतली. तिच्यातूनच १९८७ नंतर लोजबान आकाराला आली. जॉन कोवन यांचा तिच्या व्याकरणावरील ग्रंथ १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. तिचे मूळ शब्द ज्या सहा भाषांच्या आधारे घडविले गेले, त्यांत हिंदीही आहे.

नियम असा, की जे संख्यापद वाक्यात आधी येईल, त्याचा अंमल नंतरच्या पदावर चालतो. 'शा रो जेदि मि शित्का पा प्लिसे' म्हणजे प्रत्येक दिवशी मी एक सफरचंद खातो. येथे 'रो' म्हणजे सर्व, 'पा' म्हणजे एक. दिवस आधी आल्याने प्रत्येक दिवसाचे सफरचंद वेगळे असू शकते. शब्द तेच ठेवून 'मि शित्का पा प्लिसे शा रो जेदि' म्हटले, तर काटेकोर अर्थ होतो : असे एक सफरचंद आहे, जे मी दररोज खातो! अक्षयपात्रातलेच म्हणायचे.

'तीन परीक्षक दोन उत्तरपत्रिका तपासतात' या वाक्यालाही हाच न्याय. लोजबानमध्ये प्रत्येक परीक्षकाच्या वाट्याला दोन येतात. म्हणजे उत्तरपत्रिका कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त सहा. दोन्ही संख्यांना समान दर्जा द्यायचा, तर त्यांना एकत्र बांधणारी वेगळी रचना वापरावी लागते. मराठीने हे काम 'दोन-दोन' अशा साध्या द्विरुक्तीवर सोपविले आहे, आणि ते अधिक सुटसुटीत आहे, हे मान्य करायला हवे.

पुनरावृत्तीसाठी लोजबान संख्येला 'रोय' जोडते. 'पारोय' एकदा, 'रेरोय' दोनदा, 'रोरोय' सदैव, 'नोरोय' कधीच नाही. मात्र 'मि रेरोय शित्का' एवढ्याने दोनदा खाल्ल्याचे कळते. किती काळात, ते कळत नाही. 'शा रो जेदि' आधी जोडले, की दिवसातून दोनदा. तेही ठरावीक अंतराने, की कसेही? त्यासाठी 'दिहि' हा स्वतंत्र शब्द आहे. निव्वळ सवय सांगायची, तर 'ताहे'. वारंवारता, नियमितता आणि सवय या तीन गोष्टी आपण एका 'नेहमी'मध्ये सहज कोंबतो.

हा केवळ तर्कपंडितांचा खेळ नव्हे. संधिवातावरील मेथोट्रेक्सेट हे औषध सहसा आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते चुकून रोज घेतल्याने रुग्ण दगावल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत. चिठ्ठीवर मात्रा बरोबर असते. ती दिवसाला की आठवड्याला, हे निसटते. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने म्हणूनच २०२० मध्ये डॉक्टरांना सूचना केली, की गोळी कोणत्या वारी घ्यायची, तो वार रुग्णाशी बोलून ठरवावा आणि चिठ्ठीवर पूर्ण अक्षरांत लिहावा.