वृद्ध वृक्करोपण रुग्ण आणि रसायनाचा मोह

वयपरत्वे थायमस ग्रंथी आक्रसते व नवीन टी-पेशी कमी निर्माण होतात. म्हणूनच वृद्ध रुग्णात रोपित वृक्क तीव्रतेने नाकारले जाण्याचे प्रसंग तरुणांपेक्षा कमी आढळतात. मात्र जंतुसंसर्ग व कर्करोग यांचे भय वाढते. असा रुग्ण दौर्बल्याची तक्रार घेऊन येतो आणि आपला हात सवयीने गुडूचीकडे वळतो. (आम्हीही एकदा चिठ्ठी लिहिता लिहिता थांबलो आहोत.) जी प्रतिकारशक्ती टॅक्रोलिमसने हेतुपुरस्सर दडपली आहे, तीच आपण चेतवावी काय? शिवाय पिप्पली-मरिचातील पायपेरीन त्याच औषधाची रक्तातील पातळी वाढवू शकते. च्यवनप्राशात गुडूची व पिप्पली दोन्ही असतात. तेव्हा औषधविक्रेत्या बंधूंनी बरणी देण्यापूर्वी रोपणाविषयी अवश्य विचारावे.