रोखीचा दम

डिसेंबर 2016. पुण्यातल्या वारज्यात महाराष्ट्र केसरीचा आखाडा भरला होता. अंतिम कुस्तीत एका बाजूला जळगावचा विजय चौधरी, 2014 आणि 2015 अशा लागोपाठ दोन गदा खांद्यावर घेऊन आलेला. समोर पुण्याचाच तरुण अभिजित कटके, घरच्या गर्दीसमोर. कुस्ती चौधरीनं मारली आणि नरसिंग यादवनंतर गदेची हॅट्‌ट्रिक त्याच्या नावावर लागली.

समोरचा हरतच नाही म्हटल्यावर आव्हानवीरानं तयारी करायची ती कसली? तालमीतलं ठरलेलं उत्तर म्हणजे मेहनत वाढव. जोर वाढव, बैठका वाढव, खुराक वाढव. उत्तर चुकीचं नाही, पण अजिंक्य मल्लही तेच करत असतो. त्याच्या शरीराचा हिशेब मांडला की फट वेगळ्याच ठिकाणी दिसते.

रशियाच्या अलेक्झांडर कारेलिनचं उदाहरण घ्या. ग्रीको-रोमन कुस्तीत तेरा वर्षं त्याला कुणी हरवलं नव्हतं. पालथ्या पडलेल्या 130 किलोच्या गड्याला कमरेला विळखा घालून तो उचलायचा आणि डोक्यामागे भिरकावायचा. एवढं वजन एक मीटर उचलायला सुमारे 1,270 ज्यूल ऊर्जा लागते. ते काम एका सेकंदात उरकायचं तर पावणेदोन अश्वशक्तीचा पंप चालवण्याइतका जोर हवा. इतक्या घाईत श्वासातला प्राणवायू स्नायूंपर्यंत पोचून उपयोगी पडत नाही. स्नायूतच साठवलेलं क्रिएटिन फॉस्फेट खर्ची पडतं.

हा साठा खिशातल्या रोख रकमेसारखा असतो. हवा तेव्हा हातात, पण पूर्ण ताकद लावली तर दहाएक सेकंदांत खिसा रिकामा. निम्मा भरायला साधारण अर्धं मिनिट लागतं, पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं. फ्रीस्टाइल कुस्तीत तीन-तीन मिनिटांच्या दोन डावांमध्ये विश्रांती असते बरोबर तीस सेकंदांची! म्हणजे पहिल्या डावात खिसा झटकून मोकळा झालेला पैलवान दुसऱ्या डावाला निम्म्या रोकडीवर उभा राहतो. बाकीची ताकद साखर जाळून काढावी लागते. त्या वाटेनं स्नायूत आम्लता वाढते, हात भरून येतात आणि पकड ढिली पडते.

अमेरिकेचा रूलन गार्डनर 1997 मध्ये कारेलिनकडून 5-0 असा सपाटून हरला होता. सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत, 27 सप्टेंबर 2000 रोजी, तो पुन्हा त्याच्यासमोर उभा राहिला. या खेपेला त्यानं कारेलिनला ती उचल करूच दिली नाही. कुस्ती जादा वेळेत गेली. निकाल लागला एका गुणावर, आणि तो गुण कसला? छातीला छाती भिडवून घातलेल्या विळख्यात कारेलिनचे हात क्षणभर सुटले, त्याचा.

बॉक्सिंगमधली गोष्टही याच वळणाची आहे. 1974 पर्यंत जॉर्ज फोरमननं 40 पैकी 40 लढती जिंकल्या होत्या, त्यातल्या 37 नॉकआउट. फ्रेझर आणि नॉर्टन या नामवंत बॉक्सरांनाही त्यानं दुसऱ्याच फेरीत लोळवलं होतं. म्हणजे लांबलेल्या लढतीची सवय त्याची मोडली होती. किन्शासात त्याच्याशी लढताना महंमद अली दोरांना टेकून कोपराआड मार झेलत राहिला, फोरमनला खर्च करू दिला आणि आठव्या फेरीत त्याला आडवा केला.

मार खाऊन दुसऱ्याला दमवणं मात्र सगळ्यांना परवडत नाही, आणि ठोसा चुकवायला वेळही हाताशी नसतो. डोळ्यांनी पाहून हात हलायला माणसाला सुमारे 0.2 सेकंद लागतात, तेवढ्यात वेगवान ठोसा येऊन पोचलेलाही असतो. म्हणून मुरलेला बॉक्सर ठोसा सुटायची वाट पाहत नाही. खांदा कलतो कसा, पायावरचा भार सरकतो कुठे, यावरून तो आधीच अंदाज बांधतो. कुस्तीगिराला आणखी एक सोय आहे. त्वचेवरचा दाब मेंदूला नजरेपेक्षा थोडा लवकर कळतो. सुरुवातीची खडाखडी बघणाऱ्याला कंटाळवाणी वाटते, पण मनगट, मान आणि कोपर चाचपत दोघं एकमेकांची बातमी काढत असतात.

6 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसमध्ये विनेश फोगटनं ही खडाखडी जवळजवळ सहा मिनिटं ताणली. समोर जपानची युई सुसाकी होती, आंतरराष्ट्रीय कुस्त्यांत 82-0. विनेश 0-2 अशी मागे होती, पण सुसाकीला पटात शिरायला वाव मिळत नव्हता. शेवटच्या काही सेकंदांत विनेशनं तिला खाली घेतलं. दोन गुण झाले, जपानचं अपील फेटाळलं गेल्यानं आणखी एक. 3-2.

दमल्यावरही पकड टिकावी यासाठी तालमीत जुनी रीत आहे. एका पैलवानाला हौद्यात उभं करायचं आणि दर दोन मिनिटांनी त्याच्यावर ताजा जोड सोडायचा. चौथ्या जोडापर्यंत त्याची बोटं लंगोटावरून घसरायला लागतात आणि वस्ताद तेव्हाच ओरडतात, ‘आता धर!’ विज्ञानाचा एक सल्ला तालमीच्या गळी उतरवणं मात्र कठीण. कुस्तीआधीच्या दोन आठवड्यांत मेहनतीचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणायचं आणि तीव्रता तेवढीच ठेवायची. ऐन कुस्तीच्या तोंडावर पठ्ठ्या बसून राहिलेला कोणत्या वस्तादाला बघवेल?

वारज्यात हरलेला कटके वर्षभरानं, डिसेंबर 2017 मध्ये, चांदणी चौकापलीकडच्या भूगावात पुन्हा अंतिम फेरीत उतरला आणि साताऱ्याच्या किरण भगतला हरवून गदा घेऊन गेला. त्याच्या पुढच्या डिसेंबरात, जालन्यात, गदेचा धनी तो होता आणि आव्हानवीर बुलढाण्याचा बाला रफिक शेख. ती कुस्ती बालानं मारली.