बियाण्यासारखा जपा घरातला ठेवा

उन्हाळ्याची वाळवणं आटोपली, वर्षभराचं धान्य कोठीत भरलं, की आपण निर्धास्त होतो. पण घरात आणखी एक कोठी असते, तिच्याकडे मात्र आपलं लक्षच नसतं. ती म्हणजे आपला कॉम्प्युटर! मुलीच्या लग्नाचे फोटो, नातवाचं बारसं, आजीच्या आवाजात टिपून ठेवलेल्या जात्यावरच्या ओव्या, बचत गटाचा हिशेब, शिवणकामाच्या गिऱ्हाइकांची मापं... कोणी विचारलं, की आपण म्हणतो, "हाये न सारं कम्प्युटरात!" आणि एक दिवस लाइन जाते, येते, पुन्हा जाते आणि कॉम्प्युटर सुरूच होत नाही. दुरुस्तीवाला खोलून बघतो नि सांगतो, "ताई, हार्डडिस्क गेली." हार्डडिस्क काय, दुकानात नवी मिळते. पण आजीच राहिली नसेल, तर तिच्या ओव्या कुठून आणायच्या?

म्हणून बॅकअप हवा. बॅकअप म्हणजे त्याच वस्तूची दुसरी प्रत, दुसऱ्या ठिकाणी. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. फोटो पेन ड्राइव्हमध्ये टाकले आणि जागा मोकळी व्हावी म्हणून कॉम्प्युटरमधून पुसले, तर तो बॅकअप झाला नाही. नुसतं घर बदललं. प्रत एकच राहिली!

आधी निवडा, मग साठवा

सगळंच जपायची गरज नसते. डिजिटल सहीचा सातबारा 2018 पासून सरकारी संकेतस्थळावर मिळतो. बरीच कागदपत्रं 2015 मध्ये सुरू झालेल्या डिजिलॉकरमधून पुन्हा काढता येतात. सिनेमे, गाणी तर कुठेही मिळतात. जे जगात दुसऱ्या कोणाकडेच नाही, ते आधी बाजूला काढा. मोबाइलच्या एका फोटोला साधारण 4 एमबी जागा लागते असं धरलं, तर दहा हजार फोटोंना 40 जीबी लागतील. आता हे ठेवायचं कशात?

सीडी-डीव्हीडी : एमएस-सीआयटीच्या वर्गात आपण शिकलो ती फ्लॉपी 1.44 एमबीची. आजचा एक फोटोही तिच्यात मावणार नाही. सीडीत 700 एमबी मावतात, साध्या डीव्हीडीत 4.7 जीबी. म्हणजे दहा हजार फोटोंना नऊ डीव्हीडी झाल्या. शिवाय आपण घरी लिहितो त्या चकत्यांमधला रंगाचा थर उन्हानं, उष्णतेनं खराब होतो. सीडीवर बॉलपेननं नाव लिहू नका. तिचा थर नावाच्या बाजूलाच अगदी वर असतो, त्यावर ओरखडा उमटतो. आता तर बहुतेक नव्या लॅपटॉपना सीडी घालायची जागाच नसते. लग्नाची जुनी सीडी कपाटात असेल, तर ती चालते आहे तोवर हार्डडिस्कवर उतरवून घ्या.

पेन ड्राइव्ह : ने-आण करायला उत्तम. पण वर्षानुवर्षं कपाटात ठेवून द्यायला नाही. त्यातली माहिती विजेच्या भाराच्या रूपात असते, तो भार हळूहळू ओसरतो. उष्णतेत आणखी लवकर. हरवतोही पटकन. आणि अगदी स्वस्तात 'एक टीबी'चा पेन ड्राइव्ह मिळत असेल, तर सावध! वर आकडा मोठा नि आत जागा थोडी, असा बनावट माल बाजारात असतो.

बाहेरची हार्डडिस्क : घरच्या बॅकअपसाठी सगळ्यात परवडणारी हीच. एक टीबीच्या डिस्कमध्ये आपले सगळे फोटो आरामात मावतात. हिच्या आत मात्र फिरती तबकडी असते, त्यामुळे पडली की गेली. फिरत्या तबकडीऐवजी चिप असलेली एसएसडी धक्क्याला दाद देत नाही, पण महाग असते. आणि तीही वर्षानुवर्षं न जोडता ठेवू नये.

इंटरनेटवरची जागा : गुगलच्या खात्यात 15 जीबी फुकट मिळतात, पण त्यात मेल आणि फोटो दोन्ही आले. 'अमर्याद फोटो फुकट' ही सोय जून 2021 मध्ये बंद झाली. निवडक फोटो आणि हिशेबाच्या फायली इथे जरूर ठेवा. पासवर्ड घरात आणखी एकाला माहीत असू द्या.

अकोल्याचं ऊन नि मोर्णेचं पाणी

आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. अनेक पोर्टेबल हार्डडिस्कच्या माहितीपत्रकात मात्र वापरतानाचं कमाल तापमान 35 अंशच दिलेलं असतं. म्हणून उन्हाळ्यात बॅकअप भर दुपारी घेऊ नका, सकाळी लवकर घ्या. डिस्क स्लॅबखालच्या माळ्यावर नको, टिनाच्या खोलीत नको आणि कूलरच्या ओल्या हवेतही नको. आतल्या खोलीतल्या कपाटाचा मधला कप्पा बरा.

जुलै 2021 मध्ये मोर्णेला पूर आला, तेव्हा अकोल्यातल्या कितीतरी घरांत पाणी शिरलं. अशा वेळी कॉम्प्युटर आणि हार्डडिस्क एकाच टेबलावर असतील, तर दोन्ही एकदमच जाणार. म्हणूनच अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी सांगितलेला 3-2-1 चा नियम ध्यानात ठेवा : प्रती तीन, साधनं दोन प्रकारची आणि एक प्रत घराबाहेर. एक कॉम्प्युटरमध्ये, दुसरी हार्डडिस्कवर आणि तिसरी इंटरनेटवर, नाही तर माहेरी! दिवाळीला जाताना डिस्क सोबत न्यायची, आईच्या कपाटात ठेवायची आणि तिथली जुनी परत आणायची.

काम झालं की डिस्क काढून ठेवा. मे 2017 मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या व्हायरसनं जगभरातल्या कॉम्प्युटरमधल्या फायलींना कुलूप घालून खंडणी मागितली होती. असा व्हायरस जोडलेल्या डिस्कलाही सोडत नाही.

आणि शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं. पेरणीआधी आपण सोयाबीनच्या शंभर बिया ओल्या पोत्यात गुंडाळून उगवण तपासतो. सत्तर उगवल्या तर बियाणं चांगलं. तसाच बॅकअपही तपासायचा, बरं का! सहा महिन्यांनी डिस्क जोडून चार-पाच फोटो उघडून बघा, एखादी ओवी ऐकून बघा. चार-पाच वर्षांनी डिस्क चालू असतानाच सगळं नव्या डिस्कवर उतरवा. कोणतंच साधन कायमचं नसतं. बियाणं टिकतं ते कणगीमुळे नाही, दरवर्षी ते नव्यानं राखणाऱ्या बाईमुळे. आपल्या घरातल्या या ठेव्याचंही तसंच आहे.