तासातासाची नोंद

योगेश्वरीचे देवस्थान आणि मुकुंदराजांची समाधी यांमुळे महाराष्ट्रास परिचित असलेल्या, आणि निजामाच्या अमलात ‘मोमिनाबाद’ या नावाने दप्तरी नोंदल्या गेलेल्या अंबाजोगाईस, हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे अग्रणी स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय गेल्या शतकाच्या आठव्या दशकात स्थापन झाले. बीड जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकऱ्यास आणि ऊसतोड मजुरास मोठ्या शस्त्रक्रियेसाठी दूरच्या शहराची वाट धरावी लागू नये, हे अशा संस्थेचे प्रयोजन. परंतु मोठी शस्त्रक्रिया करावयाची म्हटली की तिच्या पाठोपाठ अतिदक्षता विभाग येतो, आणि त्या विभागाचा खरा आधार असते तेथील परिचारिका.

आतडे फुटल्यामुळे अथवा अपघातात प्लीहा विदीर्ण झाल्यामुळे तातडीने शस्त्रक्रिया झालेला रुग्ण या विभागात दाखल होतो, तेव्हा शल्यविशारदाचे कार्य बव्हंशी पूर्ण झालेले असते. रुग्णाचे संकट मात्र टळलेले नसते. पोटात पुन्हा रक्तस्राव सुरू झाला, तर रक्तदाब सहसा लगेच ढासळत नाही. शरीर रक्तवाहिन्या आकुंचित करून काही काळ तो सावरून धरते. रक्तदाब ढासळण्याआधी नाडीची गती वाढते, हातपाय गार पडतात, लघवीचे प्रमाण घटते. साठ किलो वजनाच्या रुग्णास तासाला निदान ३० मिलिलिटर लघवी व्हावी, असा सर्वसाधारण दंडक आहे. ती ४० वरून २५ वर आणि २५ वरून १० वर आलेली जिच्या लक्षात येते, आणि ड्रेनच्या नळीतून येणाऱ्या द्रवाचा बदललेला रंग जी त्याच वेळी हेरते, तीच मध्यरात्री डॉक्टरांस बोलावून पुढील अनर्थ टाळते. तासातासाची ही नोंद केवळ कारकुनी नव्हे. ती निदानाची पहिली पायरी होय.

व्हेंटिलेटरवरील रुग्णाचे डोके तीस ते पंचेचाळीस अंश उंच ठेवणे, श्वासनलिकेतील कफ शोषून काढणे, बेडसोअर होऊ नये म्हणून साधारणतः दर दोन तासांनी कूस पालटणे आणि प्रत्येक स्पर्शापूर्वी हात धुणे, ही कामे वरकरणी साधी दिसली तरी न्यूमोनिया आणि जंतुसंसर्ग यांना अटकाव बहुतांशी त्यांनीच होतो. श्वासनलिकेतील नळीमुळे रुग्णाची वाचा बंद असते. म्हणून परिचारिकेला त्याच्या भुवईवरील आठीतून वेदना वाचावी लागते. आणि बाहेर ‘सिस्टर, आमचं पेशंट शुद्धीवर आलं का?’ असे विचारणाऱ्या नातेवाइकांस खोटी आशा न लावता धीर द्यावा लागतो.

या जागत्या लक्षाचे मोल अतिदक्षतेच्या इतिहासातही दिसते. १९५२ साली कोपनहेगन येथे पोलिओची साथ उसळली, तेव्हा भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांच्या योजनेनुसार वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसून हाताने रबरी पिशवी दाबत त्यांचा श्वास चालू ठेवला, आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरले. आधुनिक अतिदक्षतेचा उगम या प्रयत्नात आहे, आणि त्यातील मुख्य साधन अखंड जागा असलेला माणूस हेच होते.

म्हणून शासनाने ग्रामीण रुग्णालयांसाठी यंत्रांच्या खरेदीची तजवीज करताना परिचारिकांची पुरेशी पदे, त्यांचे विशेष प्रशिक्षण आणि त्यांच्या विश्रांतीचा बंदोबस्तही त्याच हुकुमात केला पाहिजे. एकीच्या माथी चार अत्यवस्थ रुग्ण आले, तर यंत्राची धोक्याची घंटा वाजेल, पण घंटा वाजण्यापूर्वीचा तो मोलाचा तास हातचा जाईल. आपण परिचारिकेच्या त्यागाचा गौरव पुष्कळ केला. आता तिच्या ज्ञानाचा मान राखण्याची वेळ आली आहे.