“किती वाळली वं!” : वजन कमी करताना घरच्यांच्या बोलण्याला काय उत्तर द्यावं



पोळा आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोटमार आली की पांढुर्ण्यातली घरं पाहुण्यांनी भरून जातात. कोणी सौंसरहून येतं, कोणी मुलताईहून, कोणी काटोल-नागपूरहून. वर्षभरानं गाठभेट होते आणि चपला काढायच्या आधीच पहिला प्रश्न येतो, “काय वं, किती वाळली! बिमार होती का?”

जिला हा प्रश्न विचारला जातो, ती कदाचित सहा महिन्यांपासून रोज पहाटे चालायला जात असते. डॉक्टरांनी शुगर काठावर असल्याचं सांगितल्यावर तिनं चहातली साखर सोडलेली असते. सहा महिन्यांत पाच किलो कमी झाल्याचा तिला आनंद असतो आणि तो या एका वाक्यानं उतरतो. सणाचे चार दिवस अशीच वाक्यं ऐकली की पाचव्या दिवशी चालणं बंद होतं. भुकेपेक्षा बोलण्यानं नेम सुटलेली माणसं आपल्यात कमी नाहीत. म्हणून आज या बोलण्याचाच विचार करू.

मुळात ‘तब्येत’ म्हणजे काय?

आपली बोली थोडी तपासून पाहा. वजन वाढलं की आपण म्हणतो, “तब्येत सुधारली”, “अंग धरलं”, “खात्यापित्या घरचा दिसतो.” वजन कमी झालं की म्हणतो, “तब्येत उतरली”, “वाळला”, “सुकला”, “खंगला.” म्हणजे वाढलं तर सुधारणा आणि घटलं तर आजार. ठरवून, विचारपूर्वक कमी केलेल्या वजनासाठी आपल्या रोजच्या बोलण्यात कौतुकाचा शब्दच नाही. त्यामुळे आत्या-मावशींना कौतुक करायचं असलं तरी तोंडातून ‘वाळली’ हाच शब्द निघतो.

हे शब्द उगाच आलेले नाहीत. आपल्या आजी-आजोबांनी टंचाई पाहिली आहे. १९७२ चा महाराष्ट्रातला दुष्काळ अनेकांच्या आठवणीत आहे. त्या पिढीसाठी माणूस झपाट्यानं बारीक होणं म्हणजे घरात दाणा नसणं किंवा क्षयरोग लागणं. लेक सासरी गेल्यावर बारीक झाली तर तिला तिथं पोटभर मिळत नसेल, ही शंकाही खरी असायची. आजही ती काळजी पूर्ण खोटी ठरलेली नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या सुमारे १९ टक्के स्त्रियांचं वजन उंचीच्या मानानं कमी आढळलं. पण त्याच सर्वेक्षणात सुमारे २४ टक्के स्त्रियांचं वजन जास्त होतं. एकाच देशात, कधी एकाच गल्लीत, दोन्ही प्रश्न आहेत. आपल्या तोंडात मात्र पहिल्याच प्रश्नाचे शब्द आहेत.

दुसरा प्रश्न लहान नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. आपल्या लोकांची चरबी पोटावर लवकर साठते. म्हणून कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या पुढे गेला की डॉक्टर सावध करतात. दुसरीकडे, वजन पाच टक्के जरी उतरलं, म्हणजे ८० किलोच्या माणसाचे ४ किलो कमी झाले, तरी साखर आणि रक्तदाबावर चांगला परिणाम दिसू लागतो. ते ४ किलो म्हणजे थट्टेचा विषय नाही.

चेहरा का उतरतो आणि काटा का थांबतो?

नातेवाइकांचं बोलणं बहुतेक वेळा दोन गोष्टींवरून सुरू होतं. पहिली म्हणजे चेहरा. चरबी आपण म्हणू त्या जागेवरून कमी होत नाही, ती सगळीकडून उतरते. पण चेहरा उघडा असतो आणि त्यावर सगळ्यांची नजर असते, म्हणून गाल बसलेले आधी दिसतात. कंबरेचे कमी झालेले तीन इंच साडीत किंवा सदऱ्यात झाकलेले राहतात. बघणाऱ्याला फक्त ‘सुकलेला’ चेहरा दिसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे थांबलेला काटा. “इतकं करून काय उपयोग झाला?” हा टोमणा त्यावरूनच येतो. आठवड्याला अर्धा ते एक किलो हा चांगला वेग मानला जातो आणि पुढेपुढे तोही मंदावतो. हलक्या शरीराला कमी ऊर्जा लागते, हे त्याचं एक कारण. शिवाय मीठ आणि पाण्यामुळे एक-दोन दिवसांत वजन किलोभर इकडेतिकडे होतं. लग्नाच्या जेवणानंतर सकाळी काटा वर गेला म्हणून सगळी मेहनत वाया गेली, असं होत नाही. हे स्वतःला माहीत असलं की टोमणा निम्मा बोथट होतो.

बोलणं तीन तऱ्हेचं, उत्तरंही तीन

*काळजीचं बोलणं.* “बिमार होती का?” यामागे माया असते, तेव्हा उत्तर त्या मायेला द्यावं. “मावशी, तुम्हाला काळजी वाटली, बरं वाटलं. पण मी मुद्दामच कमी केलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं. आता जिना चढताना दम लागत नाही.” एवढं पुरतं. किलोचे आकडे सांगून पटवत बसण्यापेक्षा ‘दम लागत नाही’, ‘गुडघा दुखत नाही’, ‘शुगर खाली आली’ हे मोठ्या माणसांना लवकर पटतं. त्यांना आजाराची भीती असते आणि ही वाक्यं ती भीती घालवतात.

*आग्रहाचं बोलणं.* “घे नं बापा, एका पोळीनं काय होते!” आपल्याकडे वाढणं हेच प्रेम आहे. महालक्ष्म्यांच्या जेवणात पुरणपोळी नाकारली तर वाढणाऱ्या मामींना ती पोळी नाही, आपणच नाकारल्या गेल्यासारखं वाटतं. म्हणून नाकारण्याआधी स्वीकारावं. थोडं घ्यावं, चवीनं खावं आणि मन लावून सांगावं, “पुरण मस्त जमलं मामी. आता मला ती तुमच्या हातची आंबील आणि भाजी वाढा.” मागून घेणारा पाहुणा कोणालाही आवडतो. ताटात काहीतरी ठेवावं, कारण रिकामं ताट म्हणजे वाढायचं आमंत्रण. आणि एका पोळीनं खरंच काही होत नाही, हेही मान्य करावं. अडचण एवढीच की सणाला पाच घरी पाच ‘एक पोळी’ असतात.

चहाचं दुखणं वेगळंच. काटोल भागातले डॉ. श्रीकांत जिचकार आहारावर व्याख्यानं द्यायचे. त्यांच्या विचारातून प्रेरणा घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवायची पद्धत मांडली. जोडीला ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं. ही पद्धत घराघरांत पोचली. दुसरीकडे ऋजुता दिवेकर घरचं, आपल्या मातीतलं अन्न थोडं थोडं खायला सांगतात. तेव्हापासून ‘दीक्षित की दिवेकर’ हा वाद पंगतीत रंगतो आणि प्रत्येक काका तज्ज्ञ होतात. दोन वेळा जेवणारा माणूस मधल्या वेळी कोणाकडे गेला आणि साखरेचा चहा नाकारला की घरधनी नाराज. इथं वाद घालू नये. “काकाजी, बिनसाखरेचा काळा चहा चालेल, नाहीतर पातळ ताक द्या,” असं आपणच आधी सांगावं. यजमानांना काहीतरी द्यायचं असतं. काय द्यायचं ते कळलं की त्यांचंही मन राहतं.

*टोमण्याचं बोलणं.* “हिचे नखरे चार दिवसांचे.” “लग्न जमवायचं आहे वाटतं!” “आधी हत्ती होता, आता काडी झाला.” याला खुलासा देऊ नये. दिला की सभा भरते. एकदा शांतपणे, नजर न चुकवता म्हणावं, “माझ्या वजनाचं राहू द्या काका, तुमच्या संत्र्याच्या बागेचं सांगा.” तरीही थांबलं नाही तर नंतर एकटं गाठून सांगावं, “चारचौघांत असं बोललेलं मला लागतं.” मोठ्यांना चारचौघांत उत्तर दिलं की विषय वजनाचा राहत नाही, मानाचा होतो. ज्या घरात सुनेला बोलता येत नाही, तिथं हे सांगणं तिच्या नवऱ्याचं काम आहे. बायकोनं डबा वेगळा केला म्हणून आईशी तिला एकटीला भांडावं लागू नये.

नातेवाईक बरोबर असतात तेव्हा

प्रत्येक बोलणं खोडून काढायचं नसतं. काही न करता वजन उतरत असेल, सहा-बारा महिन्यांत पाच टक्क्यांहून जास्त घटलं असेल, तर डॉक्टरांकडे जावं. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, सारखी तहान आणि लघवी, चक्कर, केस फार गळणं, पाळी चुकणं ही लक्षणं असतील तर ‘किती वाळली’ म्हणणारी आत्याच शहाणी. बाळंतीण आणि अंगावर पाजणाऱ्या आईनं परस्पर जेवण तोडू नये, हे आजीचं म्हणणंही योग्यच. आणि शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. औषध तेच ठेवून जेवण कमी केलं तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते.

घरात एक माणूस आपल्या बाजूचा

सगळ्यांना पटवायची गरज नाही. घरातला एक माणूस सोबत असला तरी पुरे. आईला आधीच सांगितलं असेल तर पंगतीत आईच म्हणेल, “राहू द्या, तिला मी सांगितलं आहे.” सासूबाईंना सकाळच्या चालण्यात सोबत घेतलं तर टीका करणारी व्यक्तीच सोबतीण होते. ज्यांना आपली काळजी आहे त्यांना काळजीचं काम द्यावं : वरणात तेल कमी घाला, कोशिंबीर जास्त करा, पहाटे उठवा. मायेला काम मिळालं की ती टोकत नाही.

आणि आपण सगळे

शेवटचं सांगणं ऐकणाऱ्यांना नाही, बोलणाऱ्यांना आहे. त्यात आम्हीही आलो. तिळगुळाच्या हळदीकुंकवाला, लग्नात, पंगतीत भेटल्यावर तब्येतीऐवजी दुसरं विचारता येतं : काय नवीन, मुलं काय करतात, बरी आहेस ना? लेकरांच्या जाडी-बारीकपणावर तर त्यांच्यासमोर बोलूच नये. वजनावरून चिडवल्यानं मुलं बारीक होत नाहीत. उलट ती लपूनछपून खायला लागतात आणि मैदानावर जायला लाजतात.

ज्या दिवशी आपली एखादी मावशी दारात म्हणेल, “हलकी झाली वं, छान!” त्या दिवशी आपल्या बोलीला तो हरवलेला कौतुकाचा शब्द मिळालेला असेल. सुरुवात आपल्याच दारातून करू या.