दोन दिवसांचे काम, एकच पिशवी

पूर्वी आपल्या बाया गाव सोडून कशासाठी जात? माहेरपणाला, लग्नाकार्याला, नाहीतर देवाला. बरोबर घरचे माणूस असायचे. ओझे तोच उचलायचा.

आता दिवस पालटले. महाराष्ट्रात 2011 सालापासून पंचायतीच्या निम्म्या जागा बायांसाठी आहेत. सरपंच बाईला सभेसाठी जिल्ह्याला जावे लागते. अंगणवाडीच्या बाईंना शिक्षणवर्गाला जावे लागते. बचत गटाच्या बायांना माल दाखवायला शहर गाठावे लागते. 17 मार्च 2023 पासून एस.टी.त बायांना अर्धे तिकीट झाले. त्यामुळे प्रवास थोडा स्वस्तही झाला.

हा प्रवास कामाचा आहे. माहेरपणाचा नाही. दोन दिवसांत जायचे, काम करायचे आणि परत यायचे. मग बरोबर सामान किती न्यावे? ते कसे बांधावे? हे या पाठात पाहू.

आक्कांचा पहिला प्रवास

सातारा जिल्ह्यातल्या एका गावाची ही गोष्ट. गावात बायांचा बचत गट आहे. गट पापड, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा-लसूण मसाला करतो. गटाच्या प्रमुख बाईंना सगळे आक्का म्हणतात. पुण्याच्या एका दुकानदाराने निरोप दिला, "नमुना घेऊन या. पसंत पडला तर माल घेऊ."

आक्का आदल्या रात्री सामान भरू लागल्या. घरातले सगळेच सल्ला देऊ लागले.

सासूबाई म्हणाल्या, "भावाच्या घरी उतरनार. रिकाम्या हातानं कसं जायाचं? पाच किलो तांदूळ घे. गुळाची ढेप घे."

जाऊबाई म्हणाल्या, "परक्या गावात थंडी वाजंल. वाकळ घे, चादर घे."

आक्कांनाही वाटले, शहरात चार लोक बघतील. म्हणून त्यांनी चार लुगडी घेतली. वाटेत उपास नको म्हणून तीन दिवसांच्या भाकरी घेतल्या. सगळे मिळून तीन बोजे झाले. एक वळकटी, एक गाठोडे आणि एक मोठी पिशवी. वजन भरले 22 किलो. त्यात गटाच्या मालाचा नमुना होता फक्त 2 किलो!

साताऱ्याच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. पुण्याची गाडी लागली. लोक धावले. आक्का एक बोजा उचलतात तर दुसरा खाली राहतो. ती गाडी भरून गेली. दुसरी गाडी तासाभराने मिळाली. नमुन्याची पिशवी वरच्या फळीवर ठेवली. तिच्यावर कुणी तरी पत्र्याची पेटी ठेवली. आक्कांच्या मांडीवर गाठोडे होते. त्यांना उठताही येईना.

आणखी एक गोष्ट झाली. बाया ती कुणाला सांगत नाहीत. वाटेत गाडी चहाला थांबली. आक्कांना लघवीला जायचे होते. पण सामान कोण राखणार? त्या तशाच बसून राहिल्या. पुन्हा तहान लागली तरी पाणी प्याल्या नाहीत. स्वारगेटला उतरेपर्यंत पोटात कळा येऊ लागल्या.

उतरल्यावर तीन बोजे घेऊन चालवेना. रिक्षा करावी लागली. दुकानात पोहोचायला दुपार टळली. पिशवी उघडली तर पापडांचा चुरा झालेला. चटणीची पुडी फुटून मसाल्यात मिसळलेली. दुकानदाराने माल हातात घेतला, हसला आणि म्हणाला, "बाई, नमुनाच असा, तर माल कसा येईल?"

आक्का तशाच परत आल्या. बारा बायांचे काम हुकले. चूक मालाची नव्हती. चूक सामानाची होती.

बायांचे सामान वाढते कशाने?

एक कारण धास्तीचे. परक्या गावात काही मिळाले नाही तर? मग आपण सगळे घरच बरोबर बांधतो.

दुसरे कारण लोकलाजेचे. कालचेच पातळ आज नेसले तर लोक काय म्हणतील? पण कामाच्या ठिकाणी लोक आपला माल पाहतात, आपले बोलणे ऐकतात. काल आपण काय नेसलो होतो, हे परक्याच्या ध्यानातही राहत नाही.

तिसरे कारण नात्यागोत्याचे. ज्याच्या घरी उतरायचे त्याला काही तरी न्यायचेच. रीत चांगली आहे. पण ती माहेरपणाला पाळावी. कामाला निघालेल्या बाईने गटाची चटणीची एक पुडी द्यावी, नाहीतर उतरल्यावर पावशेर फळे घ्यावीत. मान राहतो आणि ओझे होत नाही.

चौथे कारण असे की आपण सामान आठवणीवर भरतो. आठवण झाली की वस्तू टाकली! अशाने नको ते येते आणि हवे ते राहते. आता तर आपल्याला लिहिता येते. मग आठवणीवर कशाला विसंबायचे?

आधी यादी, मग पिशवी

एक कागद घ्या. मधोमध उभी रेघ मारा. डाव्या बाजूला काम लिहा. उजव्या बाजूला त्या कामाला लागणारी वस्तू लिहा.

माल दाखवायचा — नमुन्याचा डबा.
भाव सांगायचा — दरपत्रक.
ओळख पटवायची — आधार कार्ड.
रात्री झोपायचे — एक चादर.

ज्या वस्तूसमोर काम लिहिता येत नाही, ती वस्तू घरी ठेवा. पाच किलो तांदळासमोर आक्कांना काय लिहिता आले असते?

कामाच्या वस्तू पहिल्या

पिशवीत पहिली जागा कामाच्या वस्तूंना द्यावी. नमुना थोडा न्यावा, पण नीट न्यावा. प्रत्येक जिन्नस पावशेर पुरे. पापड पसरट डब्यात ठेवावेत. वर-खाली कागद घालावा. डब्यात पोकळी राहू देऊ नये. पोकळी राहिली की पापड हलतात आणि तुटतात. चटणी आणि मसाला वेगवेगळ्या घट्ट पुड्यांत भरावा. पुडीवर मालाचे नाव, वजन, तारीख आणि गटाचा फोन नंबर लिहावा.

कागदपत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावीत. आधार कार्ड, दरपत्रक, गटाचे पत्र आणि बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स. खाण्याचा माल विकायला अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. तिचीही झेरॉक्स ठेवावी. मोबाइलवर सगळे नंबर आहेत म्हणून निर्धास्त राहू नये. मोबाइल बंद पडतो. दोन-तीन नंबर कागदावर लिहून जवळ ठेवावेत. चार्जर विसरू नये.

पैसे एकाच जागी ठेवू नयेत. तिकिटापुरते हाताशी ठेवावेत. बाकीचे कमरेच्या चंचीत, आतल्या बाजूला ठेवावेत. सोने घरी ठेवावे. त्याने मनाचे ओझे कमी होते.

कपडे किती?

दोन दिवसांना दोन जोड पुरे. एक अंगावर, एक पिशवीत.

नऊवारी लुगडे सव्वाआठ मीटर भरते. पाचवारी पातळ साडेपाच मीटरच्या आसपास असते. म्हणजे लुगड्याला कापड बरेच जास्त. म्हणून कुणी नऊवारी सोडावी असे नाही. पण चार लुगडी म्हणजे तेहतीस मीटर कापड! एवढे कापड दोन दिवसांत कोण नेसणार?

कापडाचा गुणही पाहावा. सुती कापड पाणी शोषून धरते. ते वाळायला वेळ लागतो. टेरिकॉट किंवा पॉलिस्टरचे पातळ पाणी धरत नाही. रात्री खळबळून टाकले तर बहुधा सकाळपर्यंत वाळते. मात्र उन्हाळ्यात घामाला सुतीच बरे. ऋतू पाहून ठरवावे. टॉवेलऐवजी पातळ पंचा घ्यावा. तो हलका असतो आणि लवकर वाळतो. घडी घालण्यापेक्षा कपड्यांची घट्ट गुंडाळी करावी. ती कोपऱ्यात बसते.

महिन्याची घडी किंवा पॅड नेहमी बरोबर ठेवावे. तारीख दूर असली तरी ठेवावे. प्रवासाच्या दगदगीत तारीख मागेपुढे होते. यात लाजण्यासारखे काही नाही. रोजचे औषध असेल तर दोनऐवजी तीन दिवसांचे घ्यावे. गाडी चुकली तर उपयोगी पडते.

शिदोरी आणि पाणी

शिदोरी एका दिवसाची घ्यावी. रस्सा, पातळ भाजी घेऊ नये. ती सांडते आणि लवकर आंबते. ज्यात पाणी कमी ते जास्त टिकते. दुधात पीठ मळून केलेली दशमी मऊ राहते. बरोबर शेंगदाण्याची कोरडी चटणी घ्यावी. गूळ-शेंगदाणे मूठभर घ्यावेत. जड डब्याऐवजी फडक्यात बांधावे. खाल्ल्यावर फडके रिकामे आणि ओझे कमी.

एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. दोन-तीन बाटल्या कशाला? एकच घ्यावी आणि स्टँडवर भरून घ्यावी. पण पाणी प्यायचे टाळू नये. लघवीला जावे लागेल म्हणून पुष्कळ बाया प्रवासात पाणी पीत नाहीत. त्याने लघवीला जळजळ होते, ताप येतो. पिशवी एकच असली की ती खांद्याला लावून मुतारीत जाता येते. कुणाला "जरा बघा हो" म्हणावे लागत नाही. हलक्या सामानाचा हा फार मोठा फायदा आहे.

पिशवी कशी असावी?

पिशवी रुंद पट्ट्याची असावी. अरुंद पट्टा खांद्यात रुततो. दोन्ही खांद्यांना लावायची असेल तर फारच उत्तम. ओझे पाठीवर दोन्हीकडे सारखे पडते. एकाच हातात ओझे धरले की अंग एका बाजूला वाकते आणि कंबर धरते. जड वस्तू पाठीला लागून ठेवावी. तुटणारी वस्तू मधे, कपड्यांत ठेवावी. तिकीट, पाणी आणि पंचा वर ठेवावा.

भरून झाल्यावर पिशवी खांद्याला लावा. वाड्यातून वेशीपर्यंत जा आणि परत या. दम लागला तर पिशवी उघडा आणि दोन वस्तू काढा. दोन्ही हात मोकळे राहिले पाहिजेत. एका हाताने गाडीचा दांडा धरायचा असतो आणि दुसऱ्याने तिकीट द्यायचे असते.

हे शहाणपण आपल्याला नवे नाही. आळंदीहून पंढरपूर सुमारे 250 किलोमीटर. वारीला जाणाऱ्या म्हाताऱ्या बाया ती वाट पायी चालतात. मोठे सामान दिंडीच्या गाडीत असते. त्यांच्या खांद्याला लहानशी पिशवी असते. जिला लांब चालायचे असते, तिला ओझ्याची किंमत कळते.

घरच्यांसाठी दोन शब्द

बाई कामाला निघते तेव्हा तिचे निम्मे ओझे डोक्यात असते. पोरांचे जेवण कोण बघेल? म्हशीची धार कोण काढील? हे ओझे घरच्यांनी उचलावे. पुरुषांनीही दोन दिवस चूल पेटवावी. तिला घरून रोज दहा फोन करू नयेत. ती आणते तो पैसा साऱ्या घराचाच असतो.

आक्कांचा दुसरा प्रवास

दोन महिन्यांनी आक्का पुन्हा निघाल्या. या वेळी त्यांनी आधी यादी लिहिली. पिशवी भरली साडेचार किलो, पाण्यासकट. सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, "अगं, एवढंच?"

आक्का म्हणाल्या, "व्हय आत्याबाई. कामाला चाललेय."

साताऱ्याला पहिलीच गाडी मिळाली. पिशवी मांडीवर राहिली. स्वारगेटहून दुकानापर्यंत त्या पायी गेल्या. दुकान उघडताच त्या दारात हजर होत्या. डबा उघडला. पापड अखंड होते. दुकानदाराने एक भाजून खाल्ला, पुडीवरची तारीख वाचली आणि भावात घासाघीस केली. आक्कांनी दरपत्रक पुढे ठेवले आणि दीड रुपयाच्या वर खाली आल्या नाहीत. शेवटी तो म्हणाला, "पाच किलो पाठवा. खपला तर पुढे बघू."

पाच किलो म्हणजे फार नव्हे. पण दार उघडले. बारा बायांना काम मिळाले.

आक्कांची यादी आता गटाच्या खोलीत भिंतीवर लावली आहे. जी बाई बाहेरगावी जाऊन येते, ती तिच्यात सुधारणा करते. एकीने लिहिले, "छत्री, पावसाळ्यात." दुसरीने लिहिले, "सुटे पैसे." तिसरीने एक वस्तू खोडली आणि शेजारी लिहिले, "दोनदा नेली, एकदाही लागली नाही."

निघण्यापूर्वी एवढे पाहा

1. कामाच्या वस्तू पहिल्या भरल्या का?
2. प्रत्येक वस्तूसमोर काम लिहिले आहे का?
3. पिशवी एकच आहे का? दोन्ही हात मोकळे आहेत का?
4. पैसे दोन जागी ठेवले का?
5. फोन नंबर कागदावर लिहिले का? अडचणीला 112 हा नंबर ध्यानात आहे का? रेल्वेने जात असाल तर 139 ध्यानात आहे का?
6. पिशवी घेऊन वेशीपर्यंत चालून पाहिले का?

आता कागद घ्या. मधोमध रेघ मारा. तालुक्याला, जिल्ह्याला किंवा मुंबईला तुमचे कोणते काम आहे? ते डावीकडे लिहा. उजवी बाजू मग आपोआप भरेल.