हस्तलिखिताचें सोंग : ओट्रँटोचा किल्ला व ब्रिस्टलची पेटी

जुनीं कागदपत्रें जमविणाऱ्यास कादंबरीशीं काय कर्तव्य, असा प्रश्न या लेखाचा विषय पाहतांच कित्येकांच्या मनांत उभा राहील. भुताटकीचे किल्ले, रक्त गाळणारे पुतळे, काळोखीं भुयारें आणि शापित राजकुलें यांनीं भरलेल्या ज्या मध्ययुगीन अद्भुतकथा युरोपांत अडीचशेंहून अधिक वर्षें लिहिल्या जात आहेत, त्यांस इतिहासाचें साधन कोणी मानीत नाहीं, व मानूंही नये. तथापि या वाङ्मयप्रकाराची जी आद्य कृति समजली जाते, ती प्रथम लोकांपुढें आली ती कादंबरी म्हणून नव्हे, तर एका जुन्या इटालियन ग्रंथाचें भाषांतर म्हणून. तो मूळ ग्रंथ कधींच अस्तित्वांत नव्हता. त्याच ग्रंथकाराकडे पांच वर्षांच्या आंत दुसऱ्या एकानें रचलेल्या बनावट जुन्या लेखाची प्रत आली, आणि त्या प्रकरणाचा शेवट मात्र करुण झाला. या दोन प्रकरणांची तुलना केली असतां अस्सल, बनावट व कल्पित या तीन गोष्टींतील भेद जितका स्पष्ट होतो तितका तो केवळ नियम सांगून होत नाहीं. म्हणून हा विवेचनाचा प्रयत्न.

१. प्रस्तावनेंतील पुरावा

ता. २४ डिसेंबर १७६४ रोजीं लंडन येथें 'ओट्रँटोचा किल्ला' हें पुस्तक प्रसिद्ध झालें. मुखपृष्ठावर साल १७६५ घातलें होतें व प्रती ५०० काढल्या होत्या. मूळ ग्रंथकार ओट्रँटो येथील सेंट निकोलस देवळाचा धर्माधिकारी ओनुफ्रिओ मुराल्टो, व भाषांतरकार विल्यम मार्शल, अशीं नांवें छापलीं होतीं. प्रस्तावनेंत सांगितलें होतें तें असें : इंग्लंडच्या उत्तर भागांतील एका प्राचीन कॅथोलिक घराण्याच्या ग्रंथसंग्रहांत हें पुस्तक सांपडलें; तें नेपल्स येथें इ. स. १५२९ मध्यें जुन्या काळ्या ठशाच्या अक्षरांत छापलेलें आहे. तें लिहिलें गेलें केव्हां याचा मात्र त्यांत उल्लेख नाहीं.

पुढें हा 'भाषांतरकार' आपण संशोधक ज्या रीतीनें तर्क करतों त्याच रीतीनें तर्क करतो. कथेंतील प्रसंग क्रूसयुद्धांच्या काळांतले दिसतात, सबब ते १०९५ ते १२४३ या दरम्यान किंवा त्यानंतर लौकरच घडले असावे. भाषा मात्र शुद्ध व सुसंस्कृत आहे, सबब लेखन उत्तरकालीन असावें. नोकरांचीं नांवें स्पॅनिश वळणाचीं आहेत, सबब आरागोनच्या राजांचा अंमल नेपल्सवर बसल्यानंतरच हा ग्रंथ झाला असावा. अंतर्गत पुराव्यावरून कालनिर्णय करण्याची ही पद्धति निर्दोष आहे. दोष इतकाच कीं, पुरावा व त्यावरील अनुमान हीं दोन्ही एकाच हातचीं होतीं.

बारकाईनें पाहणाऱ्यास संशयाची जागा तेव्हांही होती. १२४३ हें क्रूसयुद्धांच्या समाप्तीचें साल म्हणून दिलें आहे; पण फ्रान्सचा राजा नववा लुई १२४८ सालीं व पुन्हां १२७० सालीं मोहिमेवर निघाला, आणि आक्रे शहर पडलें तें १२९१ सालीं. कथानायक मॅन्फ्रेड हा ओट्रँटोचा संस्थानिक असून कॉनरॅड हा त्याचा मुलगा. इतिहासांतला मॅन्फ्रेड हा सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकचा पुत्र. तो १२५८ सालीं सिसिलीचा राजा झाला व १२६६ सालीं बेनेव्हेंटोच्या लढाईंत पडला. कॉनरॅड हा त्याचा सावत्र भाऊ. म्हणजे नांवें खरीं आणि नातीं कल्पित, असा हा प्रकार आहे. जुन्या बनावट कागदांत हें मिश्रण आपणांस वारंवार भेटतें. तेव्हां नांवांची ओळख पटली म्हणजे कागदाची ओळख पटली असें होत नाहीं.

२. कर्ता प्रकट होतो

पहिली आवृत्ति लोकांस आवडली. 'मंथली रिव्ह्यू' नांवाच्या मासिकानें जुना ग्रंथ समजून तिची प्रशंसा केली. एप्रिल १७६५ मध्यें दुसरी आवृत्ति निघाली, तींत ग्रंथकारानें नव्या प्रस्तावनेंत भाषांतराचें सोंग टाकून वाचकांची क्षमा मागितली. 'गॉथिक कथा' हें उपपद याच आवृत्तीला प्रथम लागलें, व पुढें त्यावरून सबंध वाङ्मयप्रकारास तें नांव पडलें. ग्रंथकार होता होरेस वॉलपोल (१७१७–१७९७), मुख्य प्रधान सर रॉबर्ट वॉलपोल याचा पुत्र व स्वतः जुन्या वस्तूंचा नामांकित संग्राहक. ट्विकनहॅम येथें स्ट्रॉबेरी हिल नांवाचें आपलें घर त्यानें मध्ययुगीन किल्ल्याच्या वळणावर सजविलें होतें. आपला मित्र विल्यम कोल, जो स्वतः जुन्या कागदांचा मोठा संग्राहक होता, त्यास मार्च १७६५ मध्यें लिहिलेल्या पत्रांत वॉलपोलनें कथेचा उगम सांगितला आहे. एका प्राचीन किल्ल्यांतील जिन्याच्या वरच्या कठड्यावर चिलखत घातलेला एक प्रचंड हात आपणांस स्वप्नांत दिसला, आणि त्याच सायंकाळीं आपण लिहावयास बसलों, असें तो म्हणतो.

सोंग उघड होतांच त्याच 'मंथली रिव्ह्यू'चा सूर पालटला. अज्ञानयुगांतील लेखकास जें क्षम्य, तें सुधारलेल्या काळच्या ग्रंथकारास क्षम्य नव्हे, असा त्याचा आशय होता. ग्रंथाचें एक अक्षरही बहुधा बदललें नव्हतें. बदलला होता तो केवळ त्याचा काळ. कागदाच्या वयावर आपण त्याची किंमत किती अवलंबून ठेवतों याचें याहून बोलकें उदाहरण विरळा.

कथेचें मर्म पाहिलें तर तेंही एका खोट्या दस्तावरच उभें आहे. लग्नाच्या दिवशीं आकाशांतून पडावें तसें एक अवाढव्य शिरस्त्राण कॉनरॅडच्या अंगावर कोसळून तो ठार होतो. मृत राजा अल्फोन्सो याच्या पुतळ्याच्या नाकांतून रक्त गळतें. मॅन्फ्रेड अंधारांत आपल्याच मुलीस भोंसकतो. अखेर किल्ल्याच्या भिंती ढांसळतात. या सर्व उत्पातांचें कारण शेवटीं कळतें : मॅन्फ्रेडच्या आजानें अल्फोन्सोस पॅलेस्टाइनमध्यें विष घालून मारलें व बनावट मृत्युपत्र पुढें करून राज्य बळकावलें होतें. खऱ्या वारसाचा पिता आपणाजवळ अस्सल लेख असल्याचें सांगूं लागतो, तेव्हां मॅन्फ्रेड त्यास थांबवितो; डोळ्यांनीं पाहिलेल्या उत्पातांपुढें हजार चर्मपत्रांची गरज नाहीं, असा त्याच्या बोलण्याचा भाव आहे. कादंबरींत खोट्या दस्ताचा न्याय भुतें करतात. आपल्याकडे तें काम संशोधकालाच करावें लागतें.

येथें प्रत्यक्ष ओट्रँटोविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. नेपल्सच्या राज्याच्या नकाशांतून नादमधुर म्हणून हें नांव वॉलपोलनें उचललें. तेथें किल्ला आहे हें त्यास ठाऊक नव्हतें, व १७८६ सालीं एका परिचित बाईनें त्या किल्ल्याचें चित्र धाडलें तेव्हां त्यास मोठें नवल वाटलें. वस्तुतः त्या गांवाचा इतिहास कोणत्याही कल्पित कथेहून भयंकर आहे. ऑगस्ट १४८० मध्यें गेदिक अहमद पाशाच्या तुर्की सैन्यानें तें शहर घेतलें व सुमारें ८०० पुरुषांचा शिरच्छेद केला. त्यांच्या अस्थि तेथील मुख्य देवळांत आजही कपाटांतून मांडलेल्या दिसतात. पुढल्याच वर्षीं शहर परत घेतल्यावर आरागोनच्या राजांनीं तेथें नवीन किल्ला उठविला. कल्पनेनें रचलेला किल्ला जगभर प्रसिद्ध झाला आणि अस्थींवर उभा असलेला खरा किल्ला त्याच्या छायेंत राहिला.

३. ब्रिस्टलची पेटी

आतां दुसरें प्रकरण. ब्रिस्टल शहरांतील सेंट मेरी रेडक्लिफ या देवळाच्या उत्तर दारावरील खोलींत जुन्या दस्तांच्या पेट्या होत्या. किल्ल्या हरवल्यामुळें अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत त्यांचीं कुलुपें फोडण्यांत आलीं, देवळाच्या उपयोगाचे दस्त काढून घेतले, आणि बाकीचीं चर्मपत्रें तशींच उघडीं टाकलीं. जवळच्या शाळेच्या एका मास्तरानें त्यांतलीं बरींचशीं घरीं नेऊन मुलांच्या पुस्तकांस वेष्टनें घातलीं. या मास्तराच्या मृत्यूनंतर थोड्याच महिन्यांनीं, ता. २० नोव्हेंबर १७५२ रोजीं, त्यास मुलगा झाला. तोच थॉमस चॅटर्टन. घरांत पडलेल्या त्या चर्मपत्रांवरील अक्षरें पाहत तो वाढला, व पुढें एका वकिलाकडे उमेदवार राहिला.

त्यानें पंधराव्या शतकांतील थॉमस राउली नांवाचा एक कवि-धर्मोपदेशक कल्पिला, व त्याच्या नांवें कविता आणि टिपणें रचलीं. राउलीचा आश्रयदाता म्हणून त्यानें विल्यम कॅनिंज हा ब्रिस्टलचा खरा नगराध्यक्ष घेतला. चर्मपत्रास गेरू चोळून व मेणबत्तीचा धूर देऊन तो जुनेपणा आणी. ज्यास जें हवें तें तो पुरवी, हें विशेष ध्यानांत घेण्यासारखें आहे. कथिलाचीं भांडीं करणाऱ्या बर्गम नांवाच्या गृहस्थास त्यानें नॉर्मन विजयापर्यंत पोंचणारी वंशावळ दिली. १७६८ मध्यें शहरांत नवा पूल झाला, तेव्हां जुन्या पुलाच्या उद्घाटनाचें 'प्राचीन' वर्णन वृत्तपत्रास दिलें. शहराचा इतिहास लिहीत असलेल्या विल्यम बॅरेट या शस्त्रवैद्यास त्यानें इतिहासाचीं साधनें पुरविलीं. आणि इंग्लंडांतील चित्रकलेचा वृत्तांत प्रसिद्ध केलेल्या वॉलपोलकडे मार्च १७६९ मध्यें चित्रकलेच्या उदयावरील राउलीचा एक निबंध धाडला.

वॉलपोलनें प्रथम आदरानें उत्तर लिहिलें. नंतर टॉमस ग्रे व मेसन या मित्रांनीं लेख बनावट असल्याचें सांगितलें. पाठविणारा गरीब उमेदवार आहे हेंही कळलें. त्यानें मुलास आपल्या धंद्याकडे लक्ष देण्याचा उपदेश केला, व वारंवार मागणी झाल्यावर ऑगस्टमध्यें कागद परत केले. पुढल्या वर्षीं एप्रिलांत चॅटर्टन लंडनला गेला आणि ता. २४ ऑगस्ट १७७० रोजीं सोमलानें मरण पावला. वय सतरा वर्षें नऊ महिने. वॉलपोलच्या वागण्यानें त्याचा मृत्यु ओढवला असें म्हणणें न्याय्य नाहीं. मध्यें वर्षभराचा काळ लोटला होता. तरी स्वतः खोट्या मुराल्टोच्या आड उभें राहून ज्यानें कीर्ति मिळविली, त्यास खोट्या राउलीच्या आड उभा असलेला मुलगा ओळखतां आला नाहीं, ही गोष्ट मनास लागल्याशिवाय राहत नाहीं.

राउलीच्या कविता टॉमस टिरविट यानें १७७७ सालीं छापल्या, आणि पुढल्याच वर्षीं भाषेच्या पुराव्यावरून त्या चॅटर्टनच्याच असल्याचें प्रतिपादन केलें. पुढें १८७१ सालीं स्कीट यानें दाखविलें कीं, राउलीचे 'प्राचीन' शब्द अठराव्या शतकांतील कोशांतून उचललेले आहेत. परंतु बॅरेटनें त्या कागदांवर विसंबून आपला ब्रिस्टलचा इतिहास १७८९ सालीं प्रसिद्ध केला होता, व त्याच वर्षीं तो वारला. त्याचे कित्येक वर्षांचे श्रम एका मुलाच्या लेखणीनें डागाळले गेले.

४. भेद कोठें आहे

या दोन प्रकरणांवरून निघणारा सिद्धांत असा कीं, अद्भुताचा अंश हा बनावटपणाचा पुरावा नव्हे आणि साधेपणा हा अस्सलपणाचा पुरावा नव्हे. आकाशांतून पडणाऱ्या शिरस्त्राणाच्या कथेनें कोणाचाही इतिहास बिघडला नाहीं. बिघाड केला तो पुलाच्या व देवळाच्या नीरस टिपणांनीं. आपल्याकडेही सभासदाच्या बखरींत अफझलखानाच्या भेटीपूर्वीं श्रीभवानीनें महाराजांस दर्शन दिल्याचें लिहिलें आहे. तेवढ्यानें ती बखर टाकाऊ ठरत नाहीं. उलट वतनाच्या तंट्यांत पुढें केल्या जाणाऱ्या बनावट सनदांत चमत्कार एकही नसतो; मायना, शिक्का, तारीख सर्व यथास्थित असतें.

खरा भेद तीन गोष्टींत आहे. कथाकार वस्तु दाखवीत नाहीं, केवळ तिची हकीकत सांगतो. बनावट करणारा प्रत्यक्ष कागद हातीं देतो. कथाकार आज ना उद्यां आपलें नांव सांगतो; बनावट करणारा तें मरेपर्यंत लपवितो. आणि कथाकार सर्वांसाठीं लिहितो, तर बनावट करणारा एका विशिष्ट माणसाची उणीव हेरून तेवढ्याचसाठीं लिहितो.

ही परंपरा पुढें कोठवर आली हें पाहण्याजोगें आहे. इटालियन पंडित उंबेर्तो इको याची 'गुलाबाचें नांव' ही कादंबरी १९८० सालीं निघाली. ती १३२७ सालच्या नोव्हेंबरांतील एका मठांत घडते. तींत विषानें माखलेला ग्रंथ, जळणारें ग्रंथालय व बेर्नार गुई हा इतिहासप्रसिद्ध धर्मन्यायाधीश आहे. इकोही आरंभीं एका जुन्या हस्तलिखिताचा हवाला देतो, आणि तें हस्तलिखित जाँ माबियों यानें छापल्याचें सांगतो. हा माबियों म्हणजे १६८१ सालीं ग्रंथ लिहून सनदा पारखण्याच्या शास्त्राचा पाया घालणारा बेनेडिक्टिन साधु. खोट्या पोथीस साक्षीदार निवडला तो पोथ्या पारखणाऱ्यांचा गुरु! शिवाय शोध घेतां तशी आवृत्ति कोठेंच आढळली नाहीं, हेंही ग्रंथकार तेथेंच सांगून टाकतो. जाणत्या वाचकास यांत फसवणूक नसून थट्टेनें केलेली सूचना आहे.

संग्राहकांस शेवटीं दोनच गोष्टी सुचवावयाच्या आहेत. एक, कागद मिळाला म्हणजे तो कोणाच्या घरीं, कोणत्या रुमालांत, कोणाच्या हातून मिळाला याची नोंद त्याच दिवशीं करावी, आणि आपणांस नेमका हवा होता तोच कागद हातीं आला तर तो दुप्पट काळजीनें तपासावा. दुसरी, बनावट ठरलेला कागद फाडूं नये. बनावट असा शेरा मारून तो जपून ठेवावा. चॅटर्टनचीं चर्मपत्रें आज ब्रिटिश ग्रंथालयांत आहेत तीं त्याच कारणानें. ब्रिस्टलच्या पेट्यांचीं कुलुपें फोडून उरलेले दस्त वाऱ्यावर सोडले नसते, तर शहराचा खरा इतिहासही राहता, आणि खोटा इतिहास लिहावयास मोकळीं चर्मपत्रेंही त्या मुलाच्या घरीं न येतीं.